विश्रांतीची रंगीत तालीम

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात आडवं होणं जमणार नाही, कागदावरचा गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला? आणि ओघात विचारतो, माझी बायको कशी आहे? कालपासून ती तुझ्याकडे आहे एवढं कळलंय, कारण "ती सुखरूप आहे, तू आधी गप्प बस" असं म्हणून तू फोन ठेवलास आणि नंतर उचललाच नाहीस. म्हणून हे पत्र. इस्त्रीवाला तुमच्याच गल्लीत जातो, त्याच्या हाती देतोय. उद्या सकाळी आमची गाडी आहे आणि दोन्ही तिकिटं तिच्या बॅगेत आहेत. माझा जीव टांगणीला लागलाय.

तिची बाजू तू ऐकलीच असशील, आता माझी ऐक. ऑपरेशननंतर डॉक्टर तिला म्हणाले, कुठेतरी निवांत जाऊन बसा. तिने द्राक्षमळ्यांचं ते खोरं निवडलं. टेकड्यांवर वेली, मधूनमधून वाइन करणाऱ्यांची दगडी घरं, त्यातल्याच एका घरात व्हरांड्याची खोली. माझ्याकडून एकच वचन घेतलं, की तुम्ही काहीही ठरवायचं नाही. मी दिलं. पण ताई, ज्याने उभा जन्म अग्निशमन खात्यात काढला, शाळा-कचेऱ्यांतून आगीच्या तालमी घेतल्या, त्याने नुसतं उठून चालायला लागायचं?

मी फक्त एक फोन केला, घरमालकीणबाईंना. (बरं, चार-पाच.) बाई आधी गोड बोलत होत्या. तळघराला दुसरा दरवाजा आहे का, हे विचारलं तेव्हाही. रस आंबताना तळघरात गॅस साचतो आणि बेसावध माणूस गुदमरतो, हे मी त्यांना सविस्तर समजावलं. (त्यांच्या घरात तीन पिढ्या वाइनच करतात, हे नंतर कळलं.) शेवटी विचारलं, आम्ही तिथे दिवसभर करायचं काय? म्हणाल्या, काहीच नाही. मी विचारलं, ते काहीच नाही साधारण किती वाजता सुरू होतं? तेव्हापासून फोन त्यांचे यजमान उचलतात आणि त्या बाहेर गेल्यात म्हणून सांगतात.

मग काल घरीच तालीम घेतली. गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी म्हणजे टेकडी आणि शेजारणीची मनीप्लँट म्हणजे मळा, असं धरून चालायचं ठरलं. (म्हणजे मी ठरवलं.) तिला बसवलं. तिने डोळे मिटले. आता डोळे मिटून देखावा कसा दिसणार? म्हणून मी शिट्टी वाजवली आणि डावीकडची टेकडी बघायला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजवली, उजवीकडची. तिसऱ्या शिट्टीला ती उठून आत गेली. मला वाटलं, विश्रांतीने तरतरी आली. मी शिट्टी घरच्या आग विझवायच्या सिलिंडरवरच्या नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि वाइनऐवजी सरबत करायला स्वयंपाकघरात गेलो. तेवढ्यात दार वाजलं, बॅगेची चाकं वाजली. ती निघायचीही तालीम करतेय असं समजून मी आतूनच ओरडलो, शाब्बास! लिफ्ट नको, जिना घे!

जिनाच घेतला तिने. सरबत अजून तसंच आहे.

आता तुला म्हणून सांगतो. ऑपरेशनच्या दिवशी ते दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. आयुष्यभर मी बंद दारं फोडून आत शिरलोय, पण त्या दारासमोर मला बाकावर बसवून ठेवलं. मी काय केलं असेल? त्या मजल्यावरच्या आग विझवायच्या सगळ्या सिलिंडरच्या तारखा तपासल्या. (दोन बाद निघाले.) फार घाबरलो होतो गं. अजून आहे. ती स्वस्थ बसली, डोळे मिटले, की मला वाटतं तिला काहीतरी होतंय. शिट्टी वाजली की ती रागाने का होईना, डोळे उघडते. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खरं काम राहिलंच. मी उद्या गाडीला येऊ का, एवढंच तिला विचार. हो म्हणाली तर मी वाटेत एक अक्षर बोलणार नाही. नाही म्हणाली तर तू तरी तिच्याबरोबर जा. एकटी पाठवू नकोस.

ता. क. २ : थांब! घरच्या त्या आगीच्या सिलिंडरचा दाबाचा काटा मी रोज सकाळी उठल्याउठल्या बघतो, आज या पत्राच्या नादात राहून गेलं होतं. आत्ता गेलो. वरच्या खिळ्याला शिट्टी नाही. तिथे माझं तिकीट टोचून ठेवलंय. म्हणजे वरचं काम रद्द समज. तिला काही विचारू नकोस, काही सांगू नकोस. मी वेळेवर येतोय.

ता. क. ३ : तुझ्या नातवाला मी एक जुनी शिट्टी दिली होती. तेवढी इस्त्रीवाल्याबरोबर पाठव. वाजवणार नाही, तुझी शपथ. नुसती खिशात असू दे.