थोडंफार येतं

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझ्या ऑफिसात पहिला कंप्युटर आला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तू तो आपला आपण शिकलीस. साहेबांनी विचारलं, "कोणाला येतो?" तू म्हणालीस, "थोडंफार." शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ नुसतं "येतो" म्हणाले आणि कंप्युटरची जागा त्यांना मिळाली. पुढे ते अडले की तुलाच हाक मारायचे. त्या संध्याकाळी घरी येऊन तू निमूट कणीक भिजवायला घेतलीस. मी तणतणले तर मलाच दटावलंस, "आपल्या तोंडाने आपलं कौतुक करायचं नसतं."

आता मी अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात असते. कंप्युटर वापरताना माणसाला स्वतःवर किती भरवसा वाटतो, ते मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली आहे. माझ्या चिनी सहकारिणीने ती चिनीत आणली. चिनीतही ती तेच मोजते का, हे तपासायचं काम माझं. इथल्या चिनी आजी-आजोबांकडून आम्ही ती भरून घेतोय. एक आजी माझ्यासमोर कंप्युटरवरून नातीला व्हिडिओ कॉल लावते, विजेचं बिल भरते, आणि "मला कंप्युटर चांगला येतो" या वाक्यापुढे सगळ्यात खालचा, 'अजिबात नाही'चा गोल काळा करते. मी बघतच राहते. सहकारीण हसते. "आमच्यात स्वतःबद्दल असं कोण म्हणतं? वाईट दिसतं ते." मला तुझे पिठाचे हात आठवतात.

मीटिंगमध्ये आमचे प्रोफेसर म्हणाले, "भाषांतर परफेक्ट आहे. या लोकांना कॉन्फिडन्सच नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहू." माझा व्हिसा त्यांच्या सहीवर चालतो. तरी मी म्हणाले, "मग त्यावर माझं नाव नको. यांना येतं. येतं म्हणायला ते लाजतात, आणि आपण ती लाज मोजतोय." शेवटी सहकारीण माझ्या बाजूने उभी राहिली आणि आम्हाला आणखी एक संधी मिळाली. आम्ही नवं वाक्य घातलं, "शेजारणीचं कंप्युटरवर अडलं तर मी तिला दाखवून देते." त्याच आजीने या वेळी सगळ्यात वरचा गोल ठासून काळा केला. शेजारणीला मदत करण्यात कसली आलीये फुशारकी. रिपोर्ट बदलावा लागला.

काल प्रोफेसरांनी विचारलं, "पुढच्या भाषांची टीम लीड करशील? जमेल तुला?" तुझं थोडंफार अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "जमेल. मला हे काम उत्तम येतं," म्हणाले, आणि टीम मला मिळाली. तू शिकवलेलं मी मोडलं, आई. पुन्हा मोडेन, आणि माझ्या लेकीलाही मोडायला शिकवेन.

तू असतीस तरी हे पत्र तुला पाठवलं नसतं. किती ती बढाई, म्हणून घडी घालून ठेवून दिलं असतंस. एक मात्र कबूल करते. "उत्तम येतं" म्हटल्याबरोबर मी मागे वळून पाहिलं, दारात तू उभी नाहीस ना म्हणून.