दोन छपरांवरची वाट

केशोरी,
शनिवार, २४ ऑक्टोबर २०१५

चि. सौ. धनवंतास,

थोरल्या जावेचे, भूमेश्वरीचे, आशीर्वाद. देवीच्या कृपेने आमच्याकडे बरे आहे. हलके धान कापणीला आले. यांचा खोकला उतरला.

तळ्याच्या या काठावरून त्या काठावर पत्र पाठवते म्हणून हसशील. दोघे भाऊ तळ्याच्या पाळीवर, बांधावर भेटले की बोलतात, पण आपण दोघी वाटणीपासून चार वर्षे गप्प आहोत. घरचे देव मी तुला दिले नाहीत, तेव्हापासून. आता तोंडाने सुरुवात कशी करायची ते समजत नाही.

दुर्गेश्वरीची लेक कशी आहे? तुझी सून बैलबंडीत, तळ्याच्या पाळीवर बाळंत झाली, हे ऐकल्यापासून ते पाणी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मायलेकी सुखरूप आहेत, म्हणून मी देवीसमोर रोज हात जोडते.

संध्याकाळी मी स्लॅबवर सांडगे उचलायला जाते आणि तिथेच बसून राहते. तळ्यावर धुके उतरते. पलीकडे तुझ्या छपरावर डब्ब्याचा हिरवा ठिपका दिसतो. इकडे टॉवर पोचत नाही म्हणून संस्थेने घरोघरच्या छपरांवर फोनचे हे डब्बे लावले, तेव्हा ते जोडणाऱ्या रिंकीने मला समजावले होते, "काकी, हा डब्बा त्या डब्ब्याले सांगते, तो पुढच्याले. असं करत बात शाळेवरून बाहेर जाते." म्हणजे तुझे माहेरशी बोलणे, तुझ्या योगराजचे धानाचे भाव विचारणे, सगळे माझ्या डोक्यावरून जाते. ऐकू काहीच येत नाही. तरी मला वाटते, आपल्या दोघींमध्ये कोणी तरी बोलत आहे. कधी कधी त्या नादात सांडगे दवात भिजतात.

सोमवारी तुमच्या टोल्यावर, पलीकडच्या वस्तीत बैठक आहे, डब्बे उतरवायचे आणि रिंकीला कामावरून काढायचे, असे कळले. योगराज चौकात म्हणाला म्हणे, "वही खोटी बोलते का? वहीत मोठ्या घरचा डब्बा चालू हाय. मंग खोट पोरीच्याच जोडणीत हाय." मोठे घर म्हणजे आमचेच. त्याची बायको पाळीवर तडफडली, त्याला राग येणारच. रिंकी परवा माझ्याकडे आली होती. पाणीसुद्धा प्यायली नाही. म्हणाली, "काकी, मी तीनदा तपासलं वो. जोडणी बरोबर आहे. मंग फोन काऊन नाही लागला?"

मी तिला गूळ दिला आणि वांग्यांच्या रोपांबद्दल बोलत राहिले.

वही माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे. मॅट्रिक झालेली, हिशेबाची पक्की, म्हणून कोणता डब्बा कधी चालू, कधी बंद, ते लिहायचे काम संस्थेने मला दिले. माझ्या डब्ब्याचा प्लग देवघरात आहे, दुसऱ्या खोल्यांच्या भिंतींना ओल असते. नवरात्रात अखंड दिवा लावला, तर त्याच्या शेजारी तो हिरवा दिवा लुकलुकायचा. देवीपुढे एकच ज्योत असावी, असे सासूबाईंनी शिकवले. म्हणून रोज आरतीला मी प्लग काढत होते. आरती झाली की परत लावायची.

माझ्या मनाला मी रिंकीचेच बोलणे सांगत होते. तिनेच म्हटले होते, "एक बंद पडला तरी बात दुसऱ्या घरावरून जाते, भेव नोका धरू." टोल्याकडे दोन वाटा आहेत, एक माझ्यावरून, दुसरी नंदलालच्या घरावरून. मग माझ्या अर्ध्या तासाने काय बिघडणार?

पाचव्या माळेला भजन लांबले. प्लग लावायचा राहिला. त्याच दिवशी नंदलाल छपरावरचे कवेलू बदलत होता, त्याने डब्बा खाली काढून ठेवला होता. तो सगळ्यांना सांगतो, "मोठ्या घरचा चालू होता ना, म्हणून मी बिनघोर होतो."

तो माझ्या भरवशावर होता आणि मी त्याच्या. योगराज फोन लावत राहिला, दवाखान्यात घंटी वाजली नाही, म्हणून तुम्हाला बंडी जुंपावी लागली.

आणि वहीत मी त्या संध्याकाळच्या नोंदीत "चालू" लिहिले. ते भजनाच्या आधी लिहिले होते, असे मी आठ दिवस स्वतःला सांगते आहे. ते खरे नाही, धनवंता. तुमची बंडी पाळीवर आहे हे कळल्यानंतर मी लिहिले. अक्षरही मी वळणदार काढले.

देव मी माझ्याकडे ठेवले आणि त्यांच्याच नावाने तुझ्या घराची वाट बंद केली. याची माफी पत्रात मागून भागणार नाही.

वही सोबत पाठवते. ते पान दुमडले आहे. सोमवारी बैठकीत हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. रिंकीला पुढे बसव. माझे नाव येईल तिथे आवाज बारीक करू नकोस. मी टोल्यावर येईन. तू बस म्हणालीस तर बसेन, नाही तर दारात उभी राहून ऐकेन.

खोटी नोंद करणारी,
तुझी थोरली जाऊ
भूमेश्वरी