काचेचं हँडल

ठमे,

बाबांना घेऊन पुन्हा गाडीच्या शोरूमला चालले आहे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. आणि टॉप मॉडेलचं बुकिंग आजच्या दिवस थांबव.

पिकअप तू चालवणार, कपाटं-पलंग तू पोचवणार, तेव्हा निवड तुझीच. पण काल तू त्या सेल्समनशी बोलत होतीस तेव्हा आम्ही टॉप आणि साधं, दोन्ही मॉडेलांत बसून पाहिलं. टॉप मॉडेलची सीट अशी मऊ की ढगात बसल्यासारखं वाटतं. बाबा मात्र मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखे बसले. साध्या मॉडेलच्या दाराला काच खाली करायचं हँडल आहे. ते दिसल्याबरोबर त्यांनी गरागरा फिरवलं, कोपर बाहेर काढलं आणि मला म्हणाले, "चल."

हात थरथरतो म्हणून तू त्यांच्याकडून चावी काढून घेतलीस, तेव्हापासून ते कुणालाच चल म्हणाले नव्हते. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

मला कुठे गाडी येते? मी आपली स्टिअरिंग धरून बसले. ते म्हणाले, पुढे पूल आहे, हळू घे. मी हळू घेतली. पूल ओलांडल्यावर वारा फार लागतोय म्हणून त्यांनी माझ्यासाठी काच अर्धी वर केली. गाडी जागची हलली नव्हती, पण घरी येईपर्यंत माझे कान गार होते.

उशीर झाला तर फोन करत बसू नकोस. लांब गेलो असू.

आई