हवेलीचा पत्ता

व्हिक्सबर्ग, ३ मार्च १८६७

ती. केझायाताईस,
टोबायसचा सा. न. वि. वि.

माझं घर उभं राहिलं. दोनच खोल्या, पण चूल आपली आणि दाराची कडीही आपली. एक खोली तुझी. आपली गुलामीतून सुटका होऊन दोन वर्षं होत आली आणि तू अजून हॅलोवेंच्या हवेलीत त्यांचंच रांधतेस. ज्यांनी आपली खरेदी-विक्री केली, त्यांची एवढी माया कसली गं? मला मक्याची भाकरी जमत नाही, शेजारी हसतात. लवकर ये. लोभ आहेच, तो इथे येऊन वाढव.

तुझा टोबायस

नॅचेझ, १९ मार्च

चि. टोबायस यास अनेक आशीर्वाद.

माया कसली डोंबलाची. बाईसाहेब पाहुण्यांना सांगतात, आमची केझाया फार निष्ठावान, सोडून जायची नाही. सांगू देत. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या भावोजींना विकायला नेलं ते याच अंगणातून. अमोसला माझा हा एकच पत्ता ठाऊक आहे. मी तुझ्याकडे आले आणि तो इथे येऊन परत गेला, तर?

वर्षभर गावोगावच्या चर्चमधून जाहिरात वाचली जातेय, अमोस हॅलोवे याला त्याची बायको शोधतेय म्हणून. कुठून हूं नाही की चूं नाही. जीव तुटतो रे. भाकरीत ताक घालत जा. प्रकृतीला जप.

तुझी ताई

व्हिक्सबर्ग, ७ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण कमाल केलीस. मालकाचं आडनाव आपल्यातलं कोण ठेवतंय? मी पहिल्याच आठवड्यात टाकलं. हॅलोवे म्हणून भावोजींना तिकडे ओळखणार कोण? मी नवी जाहिरात धाडलीय: डावखुरा गवंडी, आईचं नाव व्हीनस, भजनात हमखास सूर सोडतो. हसू नकोस, माणूस अशानेच ओळखू येतो. धीर धर आणि भावावर लोभ असू दे.

टोबायस

नॅचेझ, २ जून

चि. टोबायस यास पोटभर आशीर्वाद.

अमोसचं पत्र आलं. बॅटन रूजच्या चर्चमध्ये जाहिरात वाचली आणि सगळे मागे वळून त्याच्याकडेच बघायला लागले म्हणे. दुसरं लग्न केलेलं नाही. तेच आधी लिहिलंय, म्हणून मला पुढचं वाचता आलं. चुलीपाशी बसून खूप रडले.

बाईसाहेबांनी विचारलं, रविवारचं जेवण कोण करणार? म्हटलं, चूल तिथेच आहे.

अमोस विचारतो, तुला घ्यायला हवेलीवर येऊ का? नऊ वर्षं त्याच्यासाठी मी हा पत्ता धरून बसले. काल त्याला लिहिलं, या दारात पाऊल टाकू नकोस, आणि तुझ्या व्हिक्सबर्गच्या घराचा पत्ता दिला. सोमवारच्या बोटीने निघते.

तुझी ताई