बाधलेलं रान

डॉक्टर, परवा सांगलीला तुमच्या घरी जाऊन आलो. तुमच्या धाकट्या मुलाचं कार्ड आलं होतं. घर रिकामं करतोय, बाबांची पुस्तकं पडून आहेत, हवी ती घेऊन जा, असं त्यानं लिहिलं होतं. तुम्ही जाऊन आता सत्तावीस वर्षं झाली. मलाही नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली, गुडघे दुखतात, तरी एस.टी.नं गेलो, कारण तुमच्या पुस्तकांना मी सोडून दुसऱ्या कुणी हात लावावा हे मला सोसलं नसतं. माडीवरच्या कपाटात खालच्या फळीवर तो अहवाल सापडला. हिरव्या कापडात बांधलेला, मोठ्या प्रयोगशाळेनं छापलेला, माणदेशातल्या मेंढ्यांच्या फाशीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, रोगाबद्दलचा. तिथंच जमिनीवर बसून मी तो पहिल्या पानापासून वाचला आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं असं तापलं की तुमच्या सुनेनं आणलेला चहा मला घेववला नाही. ती बिचारी म्हणाली, "काका, बरं वाटत नाही का?" तिला काय सांगणार? तुम्हालाच सांगतोय.

आधी तुमचं ऋण सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा झालो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी आपल्या गुरांच्या दवाखान्यात लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, घोंगडं पांघरून अनवाणी येणारा. आमच्या मेंढरं राखणाऱ्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या पायांकडे बघून म्हणालात, "अनवाणी यायचं नाही. आपला शत्रू मातीत असतो." आणि कराडच्या बाजारातून माझ्या मापाचे बूट आणलेत. माप तुम्ही ओल्या फरशीवर उमटलेल्या माझ्या पावलावरून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पातळ कसा ओढायचा, निळा रंग किती वेळ ठेवायचा, सगळं तुम्ही हाताला हात लावून शिकवलंत. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून फाशीचे जंतू दाखवलेत तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. निळ्या काड्या, एकीला एक जोडलेल्या, बांबूच्या पेरांसारख्या. तुम्ही शेजारी उभे राहून सांगताय, मी डोळा न काढता ऐकतोय. "मेंढरू मेलं आणि तसंच बंद राहिलं, तर आतल्या कुजण्यात हे जंतू दोन-तीन दिवसांत मरतात. पण सुरी लावलीस, रक्त बाहेर आलं, त्याला हवा लागली, की यातला एकेक जंतू स्वतःभोवती कवच करतो. मग ऊन, पाऊस, दुष्काळ, कशानं मरत नाही. वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतो. म्हणून कानाच्या टोकातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि बाकी जनावर अख्खं खोल पुरायचं. फाडायचं नाही. कधीही नाही." कधीही नाही, हे तुमचे शब्द आहेत.

त्याच वर्षी माझ्या आत्याच्या कळपातली दोन मेंढरं एका सकाळी मेली. आत्या विधवा, मूलबाळ नाही. दिराच्या कळपाबरोबर न राहता तिनं स्वतःची शंभरेक मेंढरं राखली होती. डोक्याला फडकं, खांद्यावर काठी, आणि बोलणं असं की गावचा पाटीलही बाजूनं जाई. म्हसवडच्या वाटेवर ओढ्याच्या वळणात ती तळ टाकून बसली होती. तिथं चैतापर्यंत गवत टिकतं. तुम्ही आणि मी गेलो. मेंढरांच्या नाकातून काळं रक्त आलेलं, गोठत नव्हतं. तुम्ही कानातून थेंब घेतलात, संध्याकाळच्या आत दवाखान्यात रंगवून पाहिलंत आणि वर तार केलीत. लष्कराच्या घोंगड्यांना आमच्या भागातली लोकर जात होती, त्यामुळे फाशी म्हटल्यावर वरच्यांची धावपळ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचे मोठे साहेब मोटारीतून आले. बरोबर कॅमेरा, काचेच्या बरण्या, चामड्याच्या पेटीत सुऱ्या.

त्यांना प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, हवी होती. काचपट्टीवर रोग सिद्ध झाला होता, तुम्ही त्यांना ती दाखवली होती, त्यांनी मान डोलावली होती. तरी त्यांना फुगलेली, डांबरासारखी काळी प्लीहा बरणीत हवी होती आणि तिचा फोटो हवा होता. मेंढरं पुरायला आम्ही खड्डा खणत होतो, तो त्यांनी थांबवला आणि ओढ्याकाठच्या गवतावरच मेंढरं उताणी करायला लावली. आत्या पुढं आली. डोक्यावरचं फडकं सारखं करून, तुमच्याकडे बघून म्हणाली, "आवं डाक्तर, आपसूक मेल्यालं मेंढरू चिरू नगा. चिरलं की रान बाधतंय. माझ्या सासऱ्यानं सांगितल्यालं हाय मला. हितंच पुरा आन वर काटं टाका."

मोठे साहेब हसले. "बाई, हे शास्त्राचं काम आहे. तुम्ही बाजूला व्हा."

"शास्तर आसंल," आत्या म्हणाली, "पर रान आमचं हाय न्हवं?"

ती तुमच्याकडे बघत होती, डॉक्टर. मीही. ती अक्षर न ओळखणारी बाई जे सांगत होती तेच तुम्ही मला दुर्बिणीपाशी उभं राहून सांगितलं होतं, फक्त तिच्याकडे कवच हा शब्द नव्हता. तुम्ही पेटीचा बंद उघडत होता आणि लावत होता. शेवटी मीच बोललो, "साहेब, तुमीच सांगितलंया न्हवं, फाडायचं न्हाई म्हणून?" तुम्ही गर्रकन वळलात. तुमचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. "तुझं काम बादली धरायचं आहे. तोंड बंद ठेव." आत्यासमोर म्हणालात. मी बादली धरली. दोन्ही मेंढरं उभी चिरली गेली, रक्त गवतातून ओघळून वळणाच्या खोलगट जागी साचलं, फोटो निघाले, बरणी भरली. साहेबांना गाडी गाठायची होती. खडकाळ जमीन, खड्डा कमरेएवढाही झाला नव्हता, चुना एक गोणी. रक्त सांडलेली माती उचलायची होती ती उचललीच नाही. मोटार गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चल, उशीर होतोय." एवढंच.

आत्यानं दुसऱ्या दिवसापासून बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून त्या जागेला कुपाटी घातली. एकटीनं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कळपाला ती सांगायची, "तकडं न्हेऊ नगा." वर्षभर कुणी नेलं नाही. पुढल्या साली पाऊस नाही. माणसं बाभळीच्या शेंगा शेरडांना आणि पाला मेंढरांना घालू लागली. कुणी वाटसरूंनी चुलीसाठी कुपाटीचे काटे ओढून नेले. आत गवत उरलं होतं, तेवढंच सगळ्या शिवारात. आत्या पाण्याला गेलेली असताना तिची मेंढरं आत शिरली. वाळलेली बोटभर खोडं, मेंढरं ती मातीसकट ओरबाडतात, तोंडात काटे रुततात, आणि जखमेतून जंतू आत जातो. हेही तुम्हीच शिकवलेलं. तिसऱ्या दिवशी अकरा मेंढरं आडवी झाली.

तिनं एकही चिरलं नाही. जनावर फाडू नये हा तुमचा सरकारी कागद तिच्यापर्यंत पोचला नव्हता, तरी नाही. अकराच्या अकरा अख्खी पुरली, दिराला आणि मला घेऊन, पुरुषभर खोल. पण पुरण्याआधी, आम्ही खड्डा खणत असताना, तिनं दोन मेंढरांची लोकर कातरली होती. भरलेली लोकर होती आणि त्या साली तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. कातडीला धक्का लावला नाही, तर काय होतंय, असं तिला वाटलं. सासऱ्यानं चिरण्याचं सांगितलं होतं, लोकरीचं सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम आपलं होतं, डॉक्टर, पगार आपण त्याचा घेत होतो. लोकरीचा गठ्ठा तिनं खांद्यावरून, मानेला टेकवून आणला.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिला बैलगाडीत घालून मी दवाखान्यात आणलं. माणसांचा डॉक्टर जवळपास कुठं होता? जबड्याखाली बारकी पुळी, मधे कोळशासारखी काळी, आणि मान छातीपर्यंत सुजलेली. दुखत नाही म्हणत होती. "खाजतंय निसतं." तुम्ही दारातच थबकलात. मग पुळीच्या कडेचं पाणी काचपट्टीवर घेतलंत, रंगवलंत, पाहिलंत आणि बाजूला झालात. मी डोळा लावला. त्याच काड्या. तुम्ही सातारच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिलीत, या रोगावरचं सीरम असेल तर द्यावं म्हणून, स्वतः मोटारवाल्याशी भांडून पुढची जागा मिळवलीत आणि आमच्याबरोबर बसलात. हे मी विसरलेलो नाही. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढणीला दोनदा थांबली. आत्याचा श्वास शिटीसारखा वाजतोय, तुम्ही तिची मान उचलून धरलीय, बाहेर ऊन रणरणतंय. तिनं तुमचा सदरा धरला आणि तापाच्या भरात विचारलं, "चिरली न्हाईत न्हवं माझी मेंढरं?"

तुम्ही म्हणालात, "नाही, आत्या. एकही नाही."

"मग रान ऱ्हाईल," ती म्हणाली. सातारा दिसायच्या आधीच ती गेली.

तिथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं. खरंच केलं असतं. वरिष्ठांपुढं गप्प बसणं मलाही येतं, सबंध नोकरी मी तेच केलं. पण मग हा अहवाल आला. आज तो मांडीवर घेऊन बसलोय. प्लीहेचा फोटो आहे, फार सुरेख निघालाय. काड्यांची चित्रं आहेत. खाली छापलंय की संशोधनासाठी नमुने प्रत्यक्ष जागेवर घेतले. आणि स्थानिक माहितीचा भाग, जो तुम्ही लिहिलात, ज्याखाली तुमची सही आहे, त्यात ही ओळ: मेलेली जनावरं उघड्यावर फाडण्याच्या मेंढपाळांच्या अडाणी सवयीमुळे ओढ्याकाठचे हे कुरण दूषित झाले, आणि एका मेंढपाळ स्त्रीचा मृत्यू याच सवयीमुळे झाला. एका मेंढपाळ स्त्रीचा! जिनं पुढं होऊन नको म्हटलं तिचा. सुरी कुणाच्या हातात होती, डॉक्टर? बादली कुणाच्या हातात होती ते मला माहीत आहे.

परवा मी पानन्‌पान चाळलं. मला वाटलं, तुम्ही पेन्सिलीनं समासात कुठंतरी एखादी खूण केली असेल. एखादं प्रश्नचिन्ह. सत्तावीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाकडून मी एका प्रश्नचिन्हाची अपेक्षा करत होतो. चवथ्या पानावर शाईची दुरुस्ती सापडली. औषधाच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते तुम्ही नीट केलंत.

तुम्ही वाईट नव्हता, हे म्हणूनच जास्त झोंबतं. पुढं मेंढरांसाठी लस आली तेव्हा वाडीवाडीला चालत जाऊन तुम्हीच टोचलीत, तापानं फणफणलेले असतानाही. तुम्ही बदली होऊन सांगलीला गेल्यावर मी एकदा तुम्हाला भेटायला आलो होतो. तुमच्या बाईसाहेब माहेरी गेलेल्या, तुम्ही स्वयंपाकघरात स्वतः स्टो पेटवून चहा केलात, मला पाटावर बसवलंत, आणि माझ्याकडे पाठ करून विचारलंत, "त्या ओढ्याकाठच्या रानाचं काय?" मी म्हटलं, "आजून मरत्यात साहेब, दोन-चार, दर साली." तुम्ही कप विसळत राहिलात. मग म्हणालात, "जंतू फार चिवट असतो." तेव्हा मी मान हलवली. आज हलवणार नाही. जंतूला अहवाल लिहिता येत नाही. आमच्या लोकांना पुढं पस्तीस वर्षं दर नवा अधिकारी येऊन तीच ओळ ऐकवत राहिला, तुम्ही अडाणी, तुम्ही फाडता, म्हणून रोग होतो. माझ्यासमोर ऐकवली. मी त्यांच्या खात्यातला माणूस म्हणून त्यांच्या मागं उभा असायचो आणि माझे चुलतभाऊ माझ्याकडं बघायचे.

एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय हे सगळं लिहायचा मला हक्क नाही, म्हणून लिहितो. पाठवायचं तर कुठंच नाही. तुमच्या इंग्रजी मजकुराची वर पाठवायची प्रत माझ्या हातची होती. माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्ही ती माझ्याकडून करून घेतलीत. आत्याचं तेरावं होऊन महिना झाला असेल. मी त्या पानावर आलो तेव्हा तुम्ही खिडकीपाशी उभे होता आणि तुम्ही विचारलंत, "कळतंय का रे, काय लिहिलंय ते?" मी म्हणालो, "न्हाई साहेब, अक्षराला अक्षर काढतोय." तुम्ही येऊन पुढचा कोरा कागद माझ्यासमोर ठेवलात.

इंग्रजीत मी वर्गात पहिला असायचो, डॉक्टर. मला कळलं होतं.