कॅबिनमध्ये बंद केलेला शब्द

९ जानेवारी, किकवी

ट्रकला गिऱ्हाईक आलं. शिरवळकडचा माणूस. बॉनेट उघडून बघतो, टायरला बुटाने टोचतो, बैलाचे दात बघावेत तसं. मामंजी ओट्यावर काठी धरून बसलेले. खुबा मोडल्यापासून सासऱ्यांना क्लच दाबवत नाही, गाडी चिंचेखाली उभी. ह्यांना कंपनीतली पाळी बरी वाटते, स्टिअरिंगला हात लावायचं नाव नाही.

चहा देता देता मी बोलून गेले. म्हटलं, मी चालवते. पिकअप चालवतेच आहे की, भोंगवलीची भाजी मार्केटला नेते. ट्रक माझ्या नावावर करा, भाडी मी आणते.

गिऱ्हाईक हसलं. मामंजी हसले नाहीत. त्याला म्हणाले, "शिमगा झाला की या." मला म्हणाले, "तवर मोठ्या गाडीचं लायसन काढ. निघालं तर गाडी तुजी. न्हाई निघालं तर जाऊ दे."

जेवताना हे पण तेच. "जाऊ दे ना, कशाला डोक्याला ताप." लग्नात बँडवाला आला नाही तेव्हाही हेच म्हणाले होते.

१७ जाने.

शिकाऊ लायसन हातात. मोटार स्कूलवाल्याने विचारलं होतं, "ताई, स्कूटीचं का?" म्हटलं, सहाचाकीचं. पेन खाली ठेवलं त्याने.

सकाळी स्कूलची गाडी, दुपारी आपली, पुढेमागे लाल 'एल' लावून. मामंजी (इथून पुढे मा., हात दुखतो) क्लीनरच्या बाजूला. मी पाठीमागे उशी घेतली तेव्हा कुठे पाय पोचले. पिकअपचा क्लच म्हणजे लोणी, हा म्हणजे उखळ. मांडी भरून आली आहे, पाटावर बसवत नाही.

मा. चा पहिला नियम : "ज्या गेरात चढलीस त्याच गेरात उतर. उतारावर न्यूट्रल करनारा डायवर म्हातारा व्हत न्हाई."

२८ जाने.

आज रिव्हर्स. मा. मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे". काठी पत्र्यावर एकदा आपटली की थांब, दोनदा आपटली की निघ. मी एकदा ऐकायच्या आत गाडी थेट शेणखतात. मा. म्हणाले, "आता भरूनच काढ." सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले, पण उद्या परत घेणार. त्याच ढिगासमोर.

९ फेब्रु.

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

विंझरच्या रस्त्याला सराव. माझं माहेर तिकडचं, वळण न् वळण पाठ. गाडी रिकामी. अरुंद मोरी आली, समोरून एसटी. मी हळू केली. मा. नी खिडकीतून डोकं काढलं, म्हणाले, "जाऊ दे."

मी गेले.

ते एसटीबद्दल म्हणत होते. तिला जाऊ दे, तू थांब.

दोघी मोरीवर तोंडाला तोंड. मी डावीकडे काटली ती कठड्यालाच. डावा आरसा गेला, बाजूचा पत्रा फाटला. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. एसटीचा ड्रायव्हर उतरून आला. वाटलं, आता शिव्या. तर म्हणाला, "ताई, हात लई थरथरत्यात तुमचं. जरा बसा." त्याने रडवलं मला.

मा. ओरडले, "म्या यष्टीला म्हनलो!"
मी म्हटलं, "मग तिला जाऊ दे म्हणायचं ना!"

सासऱ्यांवर पहिल्यांदा आवाज चढवला.

१० फेब्रु.

गावभर झालं. गिऱ्हाईकाचा फोन आला ह्यांना, पत्रा फाटलाय म्हणे, भाव पाडणार. हे म्हणाले, "जाऊ दे आता. इकून टाकू."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले. म्हटलं, ह्या दोन शब्दांत माझं नर्सिंग गेलं, शिवणाचं दुकान गेलं. ट्रक जाऊ देणार नाही. मोठ्याने म्हटलं. मा. ओट्यावरच होते. भाकरी करपली, तीच खाल्ली सगळ्यांनी.

१३ फेब्रु.

तीन दिवस अबोला. आज दुपारी हॉर्न वाजला. बघते तर मा. कॅबिनमध्ये, आपल्या जागेवर. आरसा नवा बसवलेला. कसे चढले कोण जाणे.

"आजपासनं त्यो शब्द बंद," म्हणाले. "क्याबिनात बी आन् घरात बी. थांब म्हंजी थांब, हाण म्हंजी हाण. जो मोडंल त्यानं भांडी घासायची."

संध्याकाळी पहिली भांडी ह्यांनी घासली. कढई राहिली. "असू दे," म्हणाले. हा शब्द चालतो का, ते ठरायचंय.

२४ फेब्रु.

भोरच्या पुढे घाटाच्या चढापर्यंत. दुसऱ्या गेरात चढले, दुसऱ्यात उतरले. मा. पूर्ण उतार काही बोलले नाहीत. खाली आल्यावर तंबाखू मळली. म्हणजे बरी चालवली.

मला ही गाडी पाहिजे. हौस म्हणून नाही, कोणाला दाखवायलाही नाही. त्या सीटवर बसले की मी कोणाची सून, कोणाची बायको, काही आठवत नाही. पुढे रस्ता आणि मागे माझं ओझं, बास.

५ मार्च

आरटीओचं मैदान. नंबरची वाट बघत कॅबिनमध्येच लिहितेय. गाडी आपलीच आणली टेस्टला.

शिमगा झाला, गिऱ्हाईक बोलल्याप्रमाणे सकाळीच हजर. मी अंगणातून गाडी मागे घेत होते, मा. मागे उभे. त्याने विचारलं, "आबा, काय ठरलं मग गाडीचं?"

मा. मोठ्याने म्हणाले, "जाऊ दे!"

मी करकचून ब्रेक दाबला. कोणाला म्हणाले? त्याला, सौदा सोड म्हणून? का गाडीच जाऊ दे त्याच्याकडे? का मला, निघ? आरशात बघितलं तर मा. जीभ चावून उभे. दारातून सासूबाई ओरडल्या, "भांडी!"

वाटेत मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गिऱ्हाईक आमच्याच ओट्यावर बसलंय, संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणालं. पास होऊन विचारणार. नापास झाले तर विचारायची गरजच नाही.

पाय शांत आहेत, हे नवीनच.

नाव पुकारलं. मा. काठी टेकत गाडीमागे गेलेत. तोंड उघडलं, मिटलं.

पत्र्यावर काठी आपटली. दोनदा.