कुलूपबंद कपाटात हिरवी फीत पुढे सरकल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
गृहशिक्षण नोंदणी कक्ष, दुसरा मजला.

विषय : माझ्या मुलीस खोटारडी ठरवणारा अहवाल रद्द करणे व जप्त केलेले पुस्तक माझ्यासमोर उघडणे.

संदर्भ : मुलीस पहिलीच्या वर्गात बसविण्याबाबत आपले पत्र, जा. क्र. ११८.

महोदय,

माझी मुलगी खरे बोलली हे आपल्या कार्यालयातील एका माणसाला पक्के ठाऊक आहे आणि तो मुद्दाम गप्प बसला आहे. हा आरोप मी शुद्धीवर राहून, विचारपूर्वक करत आहे.

१. मी पुस्तकबांधणी करते. ग्रंथालयाची फाटकी पुस्तके माझ्याकडे येतात. मी शाळेत फारशी गेले नाही, जे आले ते खळ लावता लावता वाचून आले. मुलगी दहा वर्षांची आहे. ओळीमागून ओळ वाचते, एकही सोडत नाही म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. तीन वर्षे तिची गृहशिक्षणात रीतसर नोंद आहे. फाटक्या पुस्तकांचे पृष्ठक्रमांक बहुधा झिजलेले असतात. म्हणून आमच्या घरचा नियम असा, की शिवण्याआधी मुंगी सगळे वाचते आणि अर्थ लावून फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, क्रमाने मांडते. हीच तिची शाळा. आजवर दोनशे बारा पुस्तके झाली.

२. आपले तपासनीस साहेब आले तेव्हा बसायला पुठ्ठ्यांचा गठ्ठाच होता, त्याचा त्यांना राग आला असावा. दाबयंत्रावरचे निळ्या पाठीचे पुस्तक उचलून ते म्हणाले, "हे वाचलंस? सांग बघू." मुंगीने सांगितले. दीपगृहाचा रखवालदार तीन दिवस वादळात अडकतो, तेल संपत येते, आणि मग तो मधाचे पोळे कसे काढावे ते सांगू लागतो. साहेब हसले. ती म्हणाली, "मलाही ते पटलं नाही. आईचं शिवताना चुकलंय वाटतं." साहेब म्हणाले, "वा! आता आईवर ढकल."

साहेबांनी ग्रंथालयात जाऊन त्याच कादंबरीची दुसरी प्रत चाळली. तीत मधमाश्या नव्हत्या. अहवालात लिहिले : "मुलगी वाचत नाही, मनाने रचून सांगते." तिचे शेवटचे वाक्य मात्र अहवालातून गाळले. ते का गाळले? यात काहीतरी पाणी मुरते आहे.

३. चूक माझीच आहे, ती मी लेखी कबूल करते. त्या आठवड्यात मुंगी तापाने पडून होती. घाई होती म्हणून मी नियम मोडला आणि तिने वाचण्याआधीच पुस्तक शिवून टाकले. टेबलावर मधमाशीपालनाचे पुस्तकही सुटे पडले होते. आकार तोच, पिवळेपणा तोच. त्याचे फर्मे कादंबरीच्या पोटात गेले. बरी झाल्यावर मुंगीने वाचले आणि मधमाश्या सुरू होतात त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिले : "आई, फर्मा बघ." आणखी कोणता पुरावा हवा? पण तो आपल्या ताब्यात आहे. साहेबांनी पुस्तक नेले आणि पावती दिली, "पुस्तक नग एक". नाव नाही, वर्णन नाही. उद्या दुसरेच पुस्तक माझ्या हातावर टेकवायची ही सोय आहे, असा माझा संशय आहे.

४. पुस्तकासाठी मी तीन खेपा घातल्या. ते आपल्या काचेच्या कपाटात आडवे ठेवलेले आहे. पाठ मी चिकटवलेली, मी ओळखते. कारकून म्हणतात, "किल्ली हरवलीय बाई, महिनाभर कपाट उघडलंच नाही. आणि इथं वाचायला वेळ कुणाला आहे?" पण प्रत्येक पुस्तकात मी खुणेसाठी हिरवी फीत शिवते. पहिल्या खेपेस तिचे टोक सुरुवातीच्या पानांतून बाहेर आले होते. दुसऱ्या खेपेस बरोबर अर्ध्यावर. तिसऱ्या खेपेस शेवटच्या फर्म्यात. बंद कपाटात फीत आपणहून सरकत नाही.

म्हणजे कोणीतरी ते पुस्तक वाचत आहे. खुशाल वाचावे. पण मधमाश्या पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच येतात. अर्ध्यावर पोचलेल्या माणसाला त्या भेटल्याच असणार, आणि पेन्सिलीची ओळही दिसली असणार. तरीही त्यानंतर आठ दिवसांनी आपले पत्र निघाले, की येत्या एक तारखेपासून मुलीला पहिलीत, सहा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसवावे. तो वाचक कारकून आहे, तपासनीस आहे की खुद्द आपण, हे मला ठाऊक नाही. मला तिघांचाही संशय आहे.

५. अहवाल आल्यापासून मुंगी वाचते, पण काही सांगत नाही. विचारले तर म्हणते, "आधी तू पुस्तक बघ, मग मला विचार." दहा वर्षांच्या पोरीला साक्षीदार लागू लागला आहे. हे आपल्या कार्यालयाचे काम.

तरी किल्ली शोधावी, नाहीतर कुलूप तोडावे, आणि ते पान माझ्या व मुंगीच्या देखत उघडावे. तोवर वरील आदेश थांबवावा. काल तिने मला विचारले, "आई, त्या वाचणाऱ्यालाही मधमाश्या दिसल्या ना? मग तो बोलत का नाही?" याचे उत्तर आपण द्यावे. सात दिवसांत, लेखी, आणि वाचणाऱ्याच्या सहीनिशी.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
पुस्तकबांधणीवाली, मुंगीची आई
दिनांक : १४ जून

सोबत :
१) "पुस्तक नग एक" या पावतीची प्रत.
२) वाचलेल्या २१२ पुस्तकांची यादी, मुंगीच्या अक्षरात.
३) मधमाशीपालनाच्या पुस्तकाचे रिकामे मुखपृष्ठ. आतली पाने आपल्या कपाटात आहेत.